आपल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे का?

सोलापुरात शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात मी मातीविषयी बोलत होतो. बोलणे संपल्यावर भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले, "सर, आपली काळी माती ज्वालामुखीच्या राखेपासून झाली, राख म्हणजे खतच, म्हणून ती सुपीक, असं मी मुलांना सांगते. बरोबर आहे ना?"

मी चटकन "नाही" म्हणालो आणि मग थोडा ओशाळलो. कारण शाळेत असताना मीही हेच वाक्य पाठ केले होते, आणि ते पुसून टाकायला मला बरीच वर्षे लागली होती. शिवाय त्या वाक्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्वालामुखीची राख ही चुलीतल्या राखेसारखी असते का? आपली माती राखेपासून झाली की लाव्हापासून? आणि जिथे खरोखर राखेची माती आहे, तिथे ती कशी वागते? त्या दिवशी जेवणाची घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते पूर्ण करण्यासाठी हा लेख.

राख, पण जळून उरलेली नव्हे

चुलीतली राख म्हणजे लाकूड जळाल्यावर मागे राहिलेली खनिजे. झाडाने मुळांवाटे घेतलेले कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम त्यात असते. ही राख अल्कधर्मी असते. तिचे पाणी हळदीच्या कागदावर टाकले की कागद लाल होतो. मावळात आणि कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यामागे जे फायदे आहेत त्यांत या राखेचाही वाटा आहे.

ज्वालामुखीच्या राखेत मात्र काहीच जळलेले नसते. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात, पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. शिलारस वर येऊ लागला की त्यावरचा दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावे तसे हे वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतात. शिलारस घट्ट आणि वायू भरपूर असले तर स्फोट होतो. वितळलेला खडक फुटून त्याचा भुगा उडतो आणि हवेत तो इतक्या झपाट्याने थंड होतो की अणूंना स्फटिकाच्या शिस्तीत बसायला सवडच मिळत नाही. तयार होते ती काच. दोन मिलिमीटरपेक्षा लहान अशा कणांना 'ज्वालामुखीय राख' म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर फुटलेल्या बल्बच्या तुकड्यांसारखे वक्र, धारदार कण दिसतात. डोंगर पेटला आहे असे पूर्वी लोकांना वाटे, म्हणून त्याच्या भुकटीला राख म्हटले गेले आणि तेच नाव रूढ झाले.

शिलारस पातळ असला आणि वायूंना सहज निसटता आले, तर स्फोट न होता तो नुसता वाहतो. तो लाव्हा. सोलापूरची गोष्ट मुख्यतः या वाहणाऱ्या लाव्हाची आहे.

सोलापूरखालचा खडक

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या परिसरात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. थंड झाल्यावर त्यांचा बेसॉल्ट झाला. आपण त्याला काळा पाषाण किंवा काळा दगड म्हणतो. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या थरांखाली आहे. सह्याद्रीत त्यांची जाडी किलोमीटरहून अधिक भरते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ खोल छिद्र घेतले गेले, तेव्हा बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला.

त्या काळात राख मुळीच उडाली नाही असे नाही. विहीर खणताना किंवा घाटातल्या कड्यांवर दोन पाषाण-थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा मऊ थर दिसतो. त्यांतील काही थर म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत खडक कुजून झालेली जुनी माती आहे, तर काहींमध्ये राखेचाही अंश असल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. परंतु तो थर कड्याच्या पोटात दाबलेला आहे. आज आपण ज्या मातीत ज्वारी पेरतो ती माती त्यापासून झालेली नाही.

ती झाली बेसॉल्टच्या विदारणातून. पाणी, हवा आणि मुळांतून सुटणारी आम्ले यांनी बेसॉल्टमधील खनिजे हळूहळू विघटित होतात. त्यांतून सुटलेली सिलिका, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये पुन्हा एकत्र येऊन मातीची सूक्ष्म खनिजे घडतात. सोलापूरला वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बाकीचे महिने कोरडे जातात. इतक्या पावसात द्रव्ये सुटतात, पण पूर्ण वाहून जात नाहीत. अशा स्थितीत 'स्मेक्टाइट' नावाचे खनिज तयार होते. त्याची रचना वहीच्या पानांसारखी असते. पाणी मिळाले की ते पानांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे. खोल काळी जमीन तर बहुतेक ठिकाणी जागेवरच्या खडकाची नसून नदी-ओढ्यांनी आणून टाकलेल्या बेसॉल्टच्याच गाळाची असते.

म्हणजे बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: आपली माती ज्वालामुखीच्या खडकाची आहे, राखेची नाही. या दोहोंत एवढा फरक का मानायचा, हे कळण्यासाठी खऱ्या राखेच्या मातीकडे वळले पाहिजे.

डोंगरउतारावरची राखेची माती

जपान, इंडोनेशिया, न्यूझीलंड, मध्य अमेरिका अशा जागत्या ज्वालामुखींच्या प्रदेशांत डोंगरउतारांवर राखेचे थर साचतात आणि त्यांवर जंगल वाढते. या मातीला शास्त्रात 'अँडोसॉल' म्हणतात. हा शब्द जपानी भाषेतून आला. 'आन' म्हणजे गडद आणि 'दो' म्हणजे माती. जगाच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम एक टक्का जमीन अशी आहे, पण तिचे वागणे इतके वेगळे की १९९० च्या सुमारास अमेरिकी मृदा-वर्गीकरणात तिच्यासाठी स्वतंत्र गट करावा लागला.

या वेगळेपणाचे मूळ काचेत आहे. स्फटिकातील अणू घट्ट बांधलेले असतात. काचेत ती शिस्त नसते. त्यामुळे ओल्या हवेत काच फार लवकर विरघळते. ॲल्युमिनियम आणि सिलिका एकदम इतक्या प्रमाणात सुटतात की त्यांना पानापानांचे स्फटिक रचायला उसंत मिळत नाही. ती द्रव्ये घाईघाईने गोळा होऊन 'अलोफेन' नावाचा पदार्थ बनतो. त्याचे कण म्हणजे सुमारे ३.५ ते ५ नॅनोमीटर व्यासाचे पोकळ गोळे. त्याचाच भाऊबंद 'इमोगोलाइट' बारीक नळ्यांच्या रूपात असतो. जपानच्या क्युशू बेटावरील 'इमोगो' या मातीवरून १९६२ साली त्याला हे नाव मिळाले. माती चिमूटभर घेतली तरी तिच्यातील अशा गोळ्यांचा आणि नळ्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड भरतो. राखेच्या मातीचे बहुतेक गुण या पोकळपणातून आणि या पृष्ठभागातून येतात.

पहिला गुण हलकेपणाचा. एक घनसेंटिमीटर कोरड्या मातीचे वजन ०.९ ग्रॅमपेक्षा कमी भरते. आपल्या काळ्या मातीत ते साधारण १.२ ते १.५ ग्रॅम असते. राखेची माती पायाखाली भुसभुशीत लागते.

दुसरा गुण पाणी धरण्याचा. भरपूर पोकळ्यांमुळे ही माती आपल्या कोरड्या वजनाइतके किंवा त्याहूनही अधिक पाणी धरू शकते. तरीही ती चिखलासारखी चिकट होत नाही आणि पाऊस तिच्यात सहज मुरतो. ओला गोळा बोटांत चोळला तर मात्र तो एकदम बुळबुळीत होतो आणि पाणी सुटते.

तिसरा गुण सेंद्रिय द्रव्य सांभाळण्याचा. पाने-मुळे कुजून झालेला ह्यूमस ॲल्युमिनियमशी बांधला जातो. मग सूक्ष्मजीवांना तो सहजासहजी खाता येत नाही आणि वर्षानुवर्षे साठत जातो. जपानमधल्या काळ्या राखमातीत सेंद्रिय कार्बन १० टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्याही वर आढळतो. आपल्या काळ्या मातीत तो बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. दोन्ही माती काळ्याच. पण जपानच्या मातीचा काळेपणा भरपूर ह्यूमसचा आहे, तर आपल्याकडे थोडाच ह्यूमस स्मेक्टाइटच्या कणांशी एकजीव होऊन माती काळी दिसते. रंगावरून मातीची पारख करू नये, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आणखी गंमत अशी की जपानमध्ये ही माती गवताळ, वारंवार जाळल्या गेलेल्या उतारांवर गर्द काळी असते, तर जुन्या जंगलाखाली ती तपकिरी असते. राख एकच, पण वर काय उगवले यावर रंग ठरतो.

चौथा गुण हा खरे तर दोष आहे. अलोफेन फॉस्फेटला घट्ट पकडून ठेवते. खत घातले तरी पिकाला स्फुरद मिळत नाही. 'राख म्हणजे खत' हे समीकरण इथे अगदी उलटे पडते. सोलापूरच्या चुनखडीयुक्त जमिनीतही स्फुरद अडकतो, पण तिथे त्याला पकडणारे द्रव्य कॅल्शियम असते.

पाचवी गोष्ट उताराची. राखेची माती जंगलाच्या मुळांनी धरलेली असली की बऱ्याच चढाच्या उतारावरही टिकते. पण तिच्या पोटात भरपूर पाणी असते आणि थर एकावर एक सैल बसलेले असतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी जपानच्या होक्काइदो बेटावर भूकंप झाला, तेव्हा आत्सुमा परिसरातील जुन्या राखेच्या आणि प्युमिस दगडाच्या थरांवरून हजारो दरडी घसरल्या. उतार जंगलाने झाकलेले होते. झाडे उभीच्या उभी खाली आली, कारण घसरण मुळांच्या खालच्या थरात झाली होती.

भीमेच्या उगमाकडे

आता आपल्या डोंगराकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमा, पंढरपूरची चंद्रभागा, उगम पावते ती भीमाशंकरच्या जंगलात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर. खडक तोच, बेसॉल्ट. ज्वालामुखीही तोच. मग माती तीच असायला हवी.

जंगलातल्या वाटेच्या कडेला जिथे उतार कापला गेला आहे तिथे उभे राहून पाहावे. सर्वांत वर जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या पानांचा थर. त्याखाली काही सेंटिमीटर काळपट, भुसभुशीत, गांडुळांनी पोखरलेली माती. त्याखाली तांबूस-तपकिरी चिकणमाती आणि मग मुरूम. भेगा नाहीत. चुनखडीचा खडाही सापडत नाही. सोलापूरशी नाते सांगेल अशी एकही खूण दिसत नाही.

फरक पावसाने केला. घाटमाथ्यावर सोलापूरच्या कित्येक पट पाऊस पडतो आणि उतारामुळे पाणी साचून राहत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतात. लोहाची ऑक्साइडे मातीला तांबडा रंग देतात आणि माती आम्लधर्मी होते. धुपण्याची ही क्रिया टोकाला गेली की जांभा तयार होतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर तो आपण पाहतोच.

इथे संशोधकांना एक कोडे पडले. एवढ्या पावसात लाखो वर्षे धुपल्यावर या सगळ्या मातीचा जांभाच व्हायला हवा होता. तसे झाले नाही. घाटातील जंगलाखालच्या तांबड्या मातीत अजून बऱ्यापैकी कॅल्शियम आहे, आणि खोलगट जागी तर भर पावसाच्या प्रदेशात काळी मातीही सापडते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन केंद्रातील तपस भट्टाचार्य, डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पश्चिम घाटातील मातींचा अभ्यास करून याचे उत्तर शोधले. ते म्हणजे झिओलाइट.

लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या राहतात. पुढे त्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपून पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक तयार होतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. त्यांपैकी झिओलाइट गटातील खनिजांच्या जाळीदार रचनेत कॅल्शियमसारखी द्रव्ये साठलेली असतात. खडक कुजताना झिओलाइट ती द्रव्ये सावकाश मातीत सोडत राहतो आणि पावसाने केलेली तूट काही प्रमाणात भरून निघते. काळ्या मातीचे खनिजही त्यामुळे पूर्ण नाहीसे न होता अर्धवट बदललेल्या रूपात टिकते.

उरलेले काम जंगल करते. खोल गेलेली मुळे मुरमातून द्रव्ये वर खेचतात आणि पानगळीतून ती पुन्हा जमिनीवर येतात. वरचा हलका, सेंद्रिय थर पावसाचा मार झेलतो आणि पाणी मुरवतो. या बाबतीत आपले जंगल आणि जपानचे जंगल सारखे दिसते. मात्र जपानमध्ये ह्यूमस धरून ठेवायला अलोफेन आहे. आपल्याकडे ती पकड तुलनेने कच्ची आहे. झाडी गेली, पानगळ थांबली, की वरचा काळपट थर थोड्याच पावसाळ्यांत विरळ होतो.

बोरीची राख

एवढे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे महाराष्ट्रात ज्वालामुखीची राख नाहीच. पण ती आहे, आणि तीही भीमेच्याच खोऱ्यात. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी या गावाजवळ कुकडी नदीच्या काठावर जुन्या गाळात राखेचा फिकट थर सापडला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील रवी कोरीसेट्टर आणि इतर संशोधकांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्या परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. कऱ्हाकाठी मोरगावजवळही अशी राख आहे. कुकडीचे पाणी घोड नदीतून आणि कऱ्हेचे नीरेतून शेवटी भीमेलाच मिळते.

ही राख दख्खनच्या लाव्हाची नव्हे. तिच्यातील काचेचे रासायनिक घटक सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या राखेशी जुळतात. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी टोबाचा महास्फोट झाला; त्याच्या जागी आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. तिथून ३,००० किलोमीटरहून अधिक अंतर वाऱ्यावर तरंगत राख भारतात पोचली. बोरीच्या थराच्या वयाबद्दल मात्र वाद झाला. काही मोजण्यांतून तो थर कित्येक लाख वर्षांचा असल्याचे दिसले, तर रासायनिक साम्यावरून अनेक संशोधक त्याला ७४,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी जोडतात.

मग तिथे राखेची माती का झाली नाही? एक तर राख मुळात थोडी होती. नदीने ती उताऱ्यावरून धुऊन काठच्या गाळात गाडली. दुसरे म्हणजे अलोफेन तयार व्हायला बारमाही ओल लागते. आपल्याकडचा सात-आठ महिन्यांचा कोरडा काळ त्याला मानवत नाही. आणि तिसरे म्हणजे अलोफेन हा टिकाऊ पदार्थ नाही. हजारो वर्षांत त्याचे रूपांतर सावकाश नेहमीच्या स्फटिकी खनिजांत होते. राखेची माती राखेची राहायची असेल तर अधूनमधून नवी राख पडावी लागते.

नवी राख येणार नाही

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. जावा बेटावरचा केलुद ज्वालामुखी १३ फेब्रुवारी २०१४ रोजी उसळला आणि शेकडो किलोमीटरच्या परिसरात राख पसरली. ते संकटच होते. माणसे दगावली, पिके गाडली गेली. पण माती म्हणून पाहिले तर त्या उतारांवर ताज्या खनिजांची भर पडली. धुपून गेलेल्याची भरपाई निसर्ग तिथे अशा कठोर रीतीने करतो. जावाची डोंगरशेती शतकानुशतके टिकली त्यात या भरपाईचा वाटा आहे.

त्याच वर्षी ३० जुलैला, भीमाशंकरपासून फार दूर नसलेल्या, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. कित्येक तासांच्या मुसळधार पावसाने उतारावरची माती आणि कुजका खडक पाण्याने संपृक्त झाला. अशा वेळी कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणांचे एकमेकांशी असलेले घर्षण घटते आणि अख्खा थर खालच्या घट्ट खडकावरून सरकतो. उतार कापून सपाट केल्याने त्यात भर पडली का, यावर बरीच चर्चा झाली. त्यानंतर महाडजवळचे तळिये (२०२१) आणि खालापूरची इर्शाळवाडी (२०२३) या नावांची भर पडली.

माळीण ज्या खोऱ्यात आहे त्या घोड नदीचे पाणी भीमेला मिळते. सह्याद्रीच्या उतारावरून निघालेली माती अशीच ओढ्या-नद्यांतून पूर्वेकडे येते आणि १९८० साली पूर्ण झालेल्या आपल्या उजनी धरणापर्यंतही तिचा काही अंश पोचतो. एकेकाळी अशाच गाळाने भीमाकाठची खोल काळी जमीन घडवली. आता तो धरणाच्या पोटात बसतो.

या उतारांवर साडेसहा कोटी वर्षांत दख्खनच्या ज्वालामुखीने नवे काही टाकलेले नाही, आणि पुढेही टाकणार नाही. टोबाच्या राखेसारखा पाहुणा हजारो वर्षांत कधी येतो, तोही चिमूटभर. खाली खडक कुजून एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. आपल्याकडचे भांडवल म्हणजे बेसॉल्टमधली खनिजे, झिओलाइटची सावकाश शिदोरी आणि वरच्या झाडीची पानगळ, एवढेच. म्हणून "आपली माती ज्वालामुखीची, त्यामुळे सुपीकच" हे वाक्य केवळ चुकीचे नाही, तर निष्काळजीपणा शिकवणारे आहे. खाण न संपणारी आहे, असा त्यातून समज होतो.

सोलापूरकरांना हा विचार नवा नाही. १९३३ पासून इथे कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे. ना. वि. कानिटकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या सुरुवातीच्या कामात शेतातून वाहून जाणारे पाणी आणि माती यांची मोजणीही केली गेली. सपाट दिसणाऱ्या सोलापूरच्या शेतातून माती वाहते हे तेव्हा मोजून दाखवले गेले असेल, तर घाटाच्या उतारावर काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

वर्गात करून पाहा

१. दोन राखा: चुलीतली राख पाण्यात ढवळून, गाळून ते पाणी हळद लावलेल्या कागदावर टाका. नंतर काचेच्या बाटलीत स्वच्छ पाणी ठेवून तेच पाहा. काचेच्या पाण्याने रंग बदलत नाही. ज्वालामुखीची राख स्वभावाने काचेच्या जवळची आहे हे यावरून समजावता येईल. (काच मुलांना कुटायला देऊ नये.)

२. मातीचे वजन: दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत सरळ ठोकून भरून घ्या. ७ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १० सेंटिमीटर उंचीच्या डब्याचे आकारमान ३८५ घनसेंटिमीटर होते. माती तव्यावर मंद आचेवर पूर्ण कोरडी करून तोला आणि वजनाला आकारमानाने भागा. ५०० ग्रॅम माती भरली तर उत्तर सुमारे १.३ येईल. शेत, पायवाट आणि जुन्या झाडाखालची जागा यांची उत्तरे ताडून पाहा.

३. आकसणारी वडी: काळ्या मातीच्या चिखलाची नेमकी १० सेंटिमीटर लांबीची वडी साच्यात भरून सावलीत वाळवा. लांबी मोजा. घाटातल्या तांबड्या मातीचीही वडी करा. काळी वडी सेंटिमीटरभर किंवा त्याहून अधिक आखडलेली दिसेल. तांबडी त्या मानाने कमी.

४. चुनखडी: शेतातील पांढऱ्या खड्यावर शिक्षकांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. फसफस होते ती कार्बन डायऑक्साइडमुळे. सोलापूरच्या कमी पावसात कॅल्शियम मातीतच राहिले, त्याचा हा पुरावा.

तांबडी माती आणायची कशी, हा प्रश्न पडेल. आपल्या शाळांच्या सहली भीमाशंकर, महाबळेश्वरला जातच असतात. तिथे खोदू नये. रस्त्याच्या कडेला आधीच घसरून पडलेली मूठभर माती पुरते. पिशवीवर ठिकाण आणि तारीख लिहावी.

त्या शिबिरातल्या बाईंना आता माझे उत्तर असे राहील: मुलांना सांगा, आपल्या मातीचा खडक ज्वालामुखीने दिला आणि तो एकदाच दिला. त्याची माती पावसाने, उताराने आणि झाडांनी केली. सोलापुरात तिची एक तऱ्हा झाली, भीमाशंकरला दुसरी. आणि मग त्यांच्या हातात एक डबा व वजनकाटा द्या.